मदत हवी आहे: गावठी कोंबड्यांची पिसं झडताहेत

नमस्कार मंडळी. मी डिचोलीजवळ राहते. परसात 7 गावठी कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत. चतुर्थीनंतर तीन कोंबड्यांची पाठ आणि मान उघडी पडली आहे. अंडी जवळजवळ बंदच.

वर्षातून एकदा जुनी पिसं गळून नवी येतात, त्याला दोन-तीन महिने लागतात, हे माहीत आहे. एकीच्या मानेवर नव्या पिसांचे कोंब दिसतातही. पण बाकी दोघींची कातडी लाल आहे आणि पाठ नेमकी कोंबडा चढतो तिथेच सोलली आहे. बघवत नाही हो. सातांमागे दोन कोंबडे जास्तच, म्हणून एकाला कालपासून वेगळा ठेवलाय.

रात्री बॅटरी घेऊन पंखांखाली पाहिलं, उवा दिसल्या नाहीत. खुराड्याच्या लाकडी फटी मात्र तपासायच्या राहिल्यात. लाल गोचिडी दिवसा तिथेच लपतात ना? पावसात माती ओली, त्यामुळे धूळस्नानही नाही. कोरडी राख-माती टोपलीत ठेवली तर चालेल?

पिसं प्रथिनांचीच, म्हणून कणीसोबत सुका जवळा देते. खारट असल्यामुळे धुऊन. किती द्यावा? सोललेल्या पाठीला हळद-खोबरेल लावू की आधी पशुवैद्यांना दाखवू?