मदत हवी आहे: गोल्ड नॅनोरॉड होतच नाहीत, नुसते गोळे येतायत

सोलापुरात एमएस्सी प्रोजेक्ट चालू आहे, सीड पद्धतीने (आधी सोन्याचे बारीक कण म्हणजे सीड, मग ते वाढवायचे) सोन्याचे नॅनोरॉड म्हणजे अतिसूक्ष्म कांड्या करतोय, सीटॅब (CTAB, साबणासारखं रसायन), सिल्व्हर नायट्रेट, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड सगळं नेहमीचंच. सीड तपकिरी येतं, अ‍ॅस्कॉर्बिक टाकल्यावर पिवळा रंग जाऊन द्रावण स्वच्छ होतं, म्हणजे तिथपर्यंत ठीक, पण शेवटी लालच होतं आणि यूव्हीत (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ५२५ नॅनोमीटरच्या आसपास गोळ्यांचं एकच पीक, रॉडचं ७०० च्या पुढं यायला हवं ते काहीच नाही ओ. सीडसाठीचं बोरोहायड्राइड बर्फाच्या पाण्यात ताजं केलं, काचसामान अ‍ॅक्वा रेजियानं (जहाल आम्लांचं मिश्रण) धुतलं, सिल्व्हर कमी-जास्त करून झालं. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) इथं नाही आणि लॅबला एसी नाही, उन्हाळ्यात ४० च्या वर जातंय (सीटॅब गोठायची काळजी तेवढी नाही).

आता संशय सीटॅबच्या बाटलीवर आहे, त्यात आयोडाइड असलं तर रॉड होत नाहीत म्हणे. महागडी नवीन बाटली मागवण्याआधी, यूव्ही सोडून काही नसताना दोष आयोडाइडचा की गरमीचा हे कसं ओळखू?