नवी गाडी डिझेलचीच घ्यावी का?

धागाकर्ता, परतवाडा : डिझेलचे दिवस संपले, असे हल्ली जो तो सांगतो, परंतु आपल्या भागातल्या नव्या खरेदीदाराने ते मनावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अमरावतीच्या फेऱ्या आणि चिखलदऱ्याचा घाट मिळून माझी गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालते. पाच माणसे आणि डिकीत संत्र्याचे दोन कॅरेट असतानाही ती घाटातले वळण दुसऱ्या गिअरमध्ये सहज चढते, कारण डिझेल इंजिन हळू फिरत असतानाही भरपूर ओढ देते. धुराची तक्रारही आता जुनी झाली : 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर इंधनातील गंधकाची मर्यादा 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50 भाग) 10 वर आली आणि काजळी डीपीएफ या गाळणीत अडकू लागली.

प्रतिसाद, आर्वी : भाऊ, त्याच गाळणीने मला रडवले. माझी शाळा घरापासून चार किलोमीटरवर आहे. गाळणीतली काजळी जळून जायची तर सायलेन्सरकडे जाणारा धूर खूप तापावा लागतो, म्हणजे गाडी बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. माझ्या अंतरात इंजिन धड गरमही होत नाही. आठव्या महिन्यात गाळणी तुंबल्याचा दिवा लागला, गाडीची ओढ गेली आणि ती वर्ध्याला ओढून न्यावी लागली. विकणाऱ्याने माझे रोजचे अंतर एकदाही विचारले नव्हते, याचा संताप अजून जात नाही.

प्रतिसाद, दारव्हा : ताईंचे बरोबर आहे, आणि हिशेबही तेच सांगतो. पेट्रोल 104 रुपये व ॲव्हरेज 15, डिझेल 91 रुपये व ॲव्हरेज 18 धरले, तर किलोमीटरमागे जेमतेम 1 रुपया 88 पैसे वाचतात. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ते पैसे सुमारे 80,000 किलोमीटरनंतर वसूल होतात. वर्षाला 3,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे नोंदणीच्या पंधरा वर्षांतही होत नाहीत.

धागाकर्ता : ताईंना डिझेल गाडी विकायलाच नको होती, हे मी मान्य करतो. पण याच हिशेबाने माझे पैसे साडेचार वर्षांत निघतात, आणि भरल्या गाडीने घाट चढतानाची ओढ त्यात धरलेलीच नाही.

प्रतिसाद, आर्वी : मग धाग्याच्या पहिल्याच ओळीत महिन्याचे किलोमीटर विचारा, भाऊ. ‘आपल्या भागातला खरेदीदार’ म्हणताना आपण मलाही त्यात धरले होते.