किल -९ ला टिकतं, प्लग ओढल्यावर नाही: पीमेम कोड टेस्ट कसा करता?

लॉगवाला:
सी मधला छोटा की-व्हॅल्यू स्टोअर आहे, ऑप्टेनवर (इंटेलची पर्सिस्टंट मेमरी, म्हणजे पीमेम: वीज गेली तरी डेटा टिकवते), त्यासाठीच्या पीएमडीके संचातली लिबपीमेम लायब्ररी वापरून. लिखाण चालू असताना प्रोसेसला किल -९ (जबरदस्तीने मारणं), परत चालू, डेटा तपास, असा लूप रात्रभर चालवला. एकदाही बोंब नाही. मग लॅबमध्ये प्लग ओढून पाहिला, तर एका रेकॉर्डचा व्हॅलिड फ्लॅग १ आणि आत कचरा. लिहिताना आधी मेमकॉपी, मग व्हॅलिड = १, शेवटी पूर्ण रेकॉर्डवर एकच पीमेम_पर्सिस्ट (कॅशमधलं लिखाण मेमरीत ढकलणारा कॉल). चुकतंय कुठे?

सेगफॉल्ट_काका:
किल -९ ने प्रोसेस मरते हो, सीपीयूची कॅश नाही मरत. पुढची प्रोसेस त्याच कॅशमधून वाचते, म्हणून सगळं आलबेल दिसतं. ती टेस्ट कितीही रात्री चालवा, वीज जाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. वीज जाताना एडीआर ही हार्डवेअरची सोय फक्त मेमरी कंट्रोलरच्या रांगेपर्यंत पोचलेलं वाचवतं. ईएडीआर (तिची वाढीव आवृत्ती) असलेल्या मशीनवर कॅशही वाचते, पण त्या भरवशावर कोड लिहू नका.

आता तुमचा बग. पर्सिस्ट करायच्या आधीच कुठलीही कॅश लाइन (कॅशमधला ६४ बाइटचा तुकडा) आपणहून कॅशबाहेर, मेमरीत जाऊ शकते. व्हॅलिडची लाइन आधी गेली, डेटाची राहिली, तेवढ्यात वीज गेली. संपलं. आधी डेटा लिहून पर्सिस्ट, मग व्हॅलिड लिहून वेगळा पर्सिस्ट. व्हॅलिड ८ बाइटला अलाइन ठेवा, म्हणजे अर्धवट लिहिला जाणार नाही. आणि टेस्टमधले रेकॉर्ड मोठे घ्या. फ्लॅगसकट एकाच ६४ बाइटच्या लाइनीत मावणाऱ्या रेकॉर्डमध्ये हा बग सहसा तोंडच दाखवत नाही.

नवखा_०७:
पीमेमचेक लावलं तर हे सापडेल ना?

सेगफॉल्ट_काका:
नाही, इथेच लोक फसतात. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाचं पीमेमचेक फ्लश न झालेलं, म्हणजे कॅशमधून मेमरीत न ढकललेलं, लिखाण पकडतं. इथे शेवटी सगळंच फ्लश होतंय, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ येईल. त्याच पीमेमचेकला स्टोअर्सचा (मेमरीतल्या लिखाणांचा) लॉग काढायला सांगा आणि तो पीएमडीकेच्याच पीएमरीऑर्डर या साधनाला द्या. दोन फेन्समधली (फेन्स म्हणजे लिखाणांचा क्रम पक्का करणारी सूचना) लिखाणं तो उलटसुलट क्रमाने लावतो आणि दर वेळी तुमचा चेकर, म्हणजे डेटा बरोबर आहे का बघणारा तुमचा प्रोग्रॅम, चालवतो. फुल रीऑर्डर (सगळे शक्य क्रम) सरसकट लावू नका, एका इन्सर्टपुरता लावा, नाहीतर निकाल निवृत्तीनंतर मिळेल.

खरी मेहनत चेकरमध्ये आहे. 'फाइल उघडली, क्रॅश नाही' एवढंच बघणारा चेकर रिकाम्या स्टोअरलाही पास करतो. रिकव्हरी चालवा, प्रत्येक व्हॅलिड रेकॉर्डचा चेकसम जुळवा, आणि आधी कमिट झालेलं काही गायब नाही ना तेही बघा.

नवखा_०७:
माझ्याकडे ऑप्टेन नाही, आणि इंटेलने २०२२ मध्येच ते गुंडाळायचं जाहीर केलं.

सेगफॉल्ट_काका:
लागत नाही. कर्नलला बूटच्या वेळी मेममॅप=४जी!१२जी द्या, म्हणजे १२ जीबीपासूनची ४ जीबी रॅम पीमेम म्हणून बाजूला निघेल (तुमच्या मशीनमध्ये तेवढी रॅम तिथे मोकळी असेल तरच), पीमेम० दिसेल, ईएक्सटी४ डॅक्ससह (पेज कॅश टाळून थेट मेमरीत) माउंट करा. खाली साधी रॅम आहे, तेव्हा प्लग मात्र ओढू नका, सगळंच जाईल. पीएमरीऑर्डरला त्याने फरक पडत नाही.

लॉगवाला:
जुन्या कोडवर चेकर लगेच फेल झाला, दोन पर्सिस्ट केल्यावर पास. आता डिलीटचा कोड लावतोय, तिथेही फ्लॅग आणि फ्री लिस्ट (मोकळ्या जागांची यादी) एकाच पर्सिस्टमध्ये आहेत.