उंचावरच्या ट्रेकची तयारी : काय कामी आलं, काय फसलं?

पुढच्या मोसमात पाच हजार मीटरच्या वर जाणारा माझा पहिला ट्रेक ठरतोय. सामानाच्या याद्या इतक्या वाचल्यात की सॅक झोपेतसुद्धा भरेन. मला याद्यांत नसलेलं हवंय. कशाची तयारी केलीत आणि ती वाया गेली? कशाची राहिली आणि तिथे रडलात? चुका आधी लिहा, फोटो नंतर.

*

मी रोज दहा किलोमीटर पळायचो, त्यामुळे निघताना भलताच तोऱ्यात होतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तासभर आधी कॅम्पवर पोचलो. उंची 3800 मीटर. रात्री डोकं असं ठणकायला लागलं की विचारू नका, पाठोपाठ उलट्या. आमच्यात सगळ्यांत हळू चालणाऱ्या, साठीला टेकलेल्या काकू मात्र पोटभर जेवून घोरत होत्या!

हवेत ऑक्सिजन वरही 21 टक्केच असतो, पण दाब उतरतो. 5500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. त्याला सरावायला शरीराला दिवस लागतात, आणि पळण्याच्या सरावाने ते दिवस कमी होत नाहीत. उलट दमसास असलेला माणूस भराभर वर जातो आणि तिथेच अडकतो. माझी खरी चूक वेगळीच. डोकं दुखतंय हे मी सकाळपर्यंत लपवलं, का, तर मागे ठेवतील म्हणून.

*

तीन महिने रोज वीस मजले चढले आणि लिफ्टने खाली आले. गुडघे जपत होते म्हणे! चढताना काहीच त्रास झाला नाही. उतरायच्या दिवशी मात्र मांड्या अशा थरथरायला लागल्या की दर दहा पावलांना बसावं लागलं. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, तो सराव निराळा. आता मी उलट करते : पाठीवर वजन घेऊन जिने उतरते, वर जायला कधीमधी लिफ्ट.

ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची काळी पडून गळाली.

*

नवे बूट. बाकी काही लिहीत नाही.

*

किलिमांजारो 5895 मीटर. मी पाच दिवसांचा कार्यक्रम घेतला, कारण रजा तेवढीच होती. शेवटच्या रात्री परत फिरलो. दोन वर्षांनी आठ दिवसांचा घेतला आणि वर गेलो. पाय तेच, वयाने उलट दोन वर्षं जास्त.

तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम हातात आला की किलोमीटर बघत नाही, रोज रात्री झोपायचं कुठे त्याची उंची मांडतो. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरहून जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारला, 3440 मीटरवर, दोन रात्री काढतात त्या याचसाठी. मधल्या दिवशी थोडं वर जाऊन झोपायला खाली आलात तर उत्तमच. पैसे बूट-जॅकेटवर घालण्याआधी जादा दिवसांवर घाला.

*

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी. डॉक्टरांना विचारून घेतली : 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. हे सगळं तंबूत पहिल्यांदा कळण्यापेक्षा घरी दोन दिवस घेऊन बघितलेलं बरं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी घेतली म्हणून घाईने चढायची मुभा मिळत नाही, हे मी धरून आमच्यातल्या तिघांना उशिरा कळलं.

*

आमच्या ह्यांनी ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा, घेतला आणि ट्रेकभर बोट त्यातच. ह्यांचा आकडा 84 आणि गप्पा जोरात. माझा 89 आणि मी बादलीपाशी. शिवाय गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते : झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. पहिल्या रात्री मी ह्यांना चारदा हलवून उठवलं. तेवढ्या उंचीवर हे पुष्कळांना होतं.

*

आमच्यातला एक जण बसल्या जागी धापा टाकायला लागला, खोकला थांबेना. रात्रीचे अकरा. सकाळी बघू म्हणणारे होतेच. पण निघण्याआधीच आम्ही ठरवलं होतं की कुणाला उतरवायचं झालं तर सोबत कोण जाईल, आणि ते नाव माझं होतं. त्यामुळे वाद झाला नाही. गाईड आणि मी त्याला धरून, हेडलॅम्प लावून 600 मीटर खाली आणलं. पहाटे तो म्हणाला, भूक लागलीये. बसल्याजागी दम लागला किंवा सरळ रेषेत चालताना झोक जायला लागला, तर उजाडायची वाट बघू नका. माझा तो ट्रेक अर्धाच राहिलाय अजून.

*

मीच, विचारणारी. कालपासून जिने उतरायला लागलेय. कार्यक्रमात मुक्कामाच्या उंच्या मांडल्या तर चौथ्या दिवशी एकदम 900 मीटरची उडी निघाली, एक दिवस वाढवून मागितलाय. डायमॉक्स घेऊन रात्री तंबूबाहेर सारखं उठावं लागतं, त्यावर बायकांनी काय उपाय केला तेही लिहा, न लाजता.