केशवराव भोसले नाट्यगृह नक्की बांधलं कुणी? मुलाच्या प्रोजेक्टसाठी माहिती हवी

नाटकखुळी:
नमस्कार मंडळी, मुलाला शाळेत 'आपल्या गावातली जुनी वास्तू' असा प्रोजेक्ट दिलाय आणि त्यानं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह निवडलंय. नेटवर बघितलं तर सगळा गोंधळ, एकीकडं म्हणतात शाहू महाराजांनी बांधलं, एकीकडं केशवरावांनी, कुठं १९१५ साल दिलंय तर कुठं १९५७. आमचे सासरे तर अजून 'पॅलेस थिएटर'च म्हणतात. आणि पोराचा स्वतःचा एक प्रश्न आहे, नाटकाचं थेटर कुस्तीच्या खासबाग मैदानाला चिकटून का बांधलं? मला काय सांगता येईना. बाई तोंडी पण विचारणार आहेत म्हणे, त्यामुळं जरा सविस्तर सांगा.

तिसरी_घंटा:
सासऱ्यांना विचारलं असतंत तर इथं लिहायची गरज पडली नसती 😄 मूळ नाव पॅलेस थिएटरच. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं, काम १९१३ ला सुरू झालं आणि १९१५ ला थिएटर खुलं झालं. १९५७ हे केशवरावांचं नाव दिल्याचं साल. केशवरावांनी बांधायचा प्रश्नच येत नाही, थिएटर सुरू झालं तेव्हा ते पंचविशीत होते, स्वतःची नाटक कंपनी घेऊन गावोगाव फिरत होते.

आता कुस्तीचं. महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते, त्याच दौऱ्यात युरोप फिरले, रोमला जुना गोल आखाडा बघितला आणि तसलं काहीतरी आपल्याकडं पाहिजे हे डोक्यात घेऊनच परत आले. त्यातून खासबाग झालं, १९१२ ला मैदान तयार, आणि लगेच पुढच्या वर्षी शेजारी थिएटरचं काम सुरू. मुलाला घेऊन एकदा खासबागेत वरच्या कडेला जाऊन बसा. आखाडा मधे खाली आणि माणसं चारी बाजूंनी उतारावर, त्यामुळं मागं बसलेल्याला पण पैलवानाचा डाव दिसतो, पुढच्याचं डोकं मधे येत नाही. थिएटर बांधतानाही अडचण तीच होती, फक्त तिथं दिसण्याबरोबर ऐकू पण यायला पाहिजे. माईक नव्हते हो तेव्हा. नटानं पद म्हटलं तर ते शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्यावर पोचायचं, नाहीतर लोक ओरडायचे. म्हणून माझं मत, या दोन वास्तू वेगवेगळ्या लिहूच नयेत, हा एकाच माणसाच्या डोक्यातला एकच बेत आहे. पोरानं नेमका प्रश्न विचारलाय.

रंकाळ्याचा_वारा:
ताई, केशवरावांचं जरा जास्त लिवा प्रोजेक्टमध्ये, लोक नुसतं नाव घेतात आणि माणूस कोण ते म्हाईत नसतंय. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचेच. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, पोरवयात बायकी भूमिका गाजवल्या, आणि १९०८ ला, म्हणजे विशीच्या आत, हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक कंपनी काढली. आज आपल्याला त्या वयात बाईक घ्यायला बापाला मस्का मारायला लागतोय.

८ जुलै १९२१ चा 'मानापमान' या संगीत नाटकाचा प्रयोग तर लिवाच. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व एका स्टेजवर, केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धेत, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणारे, आणि त्या दिवशी दोघं समोरासमोर उभे राहून गायले. नंतर तीन महिन्यात, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१. कंपनी मात्र बंद पडली नाही, बापूराव पेंढारकरांनी चालवली.

आणि बालगंधर्वांमागं पण शाहू महाराजच हैत बरं का. पोरगं गातंय चांगलं पण कानाचा त्रास, म्हणून महाराजांनी उपचाराला मिरजेला डॉ. वॉनलेसांच्या दवाखान्यात धाडलं. त्याच वेळी किर्लोस्कर नाटक कंपनीचा मुक्काम मिरजेत, आणि १९०५ ला पोरगं कंपनीत शकुंतला होऊन उभं. कान बरा करायला गेलं आणि तिकडंच झालं 😀

रंगाचा_डबा:
वरची दोन्ही उत्तरं चांगली आहेत पण सगळे महाराज आणि नट यांच्यावरच थांबतात, हे नाटकाच्या इतिहासात नेहमीचंच. पडदे कोण रंगवत होतं? बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव, कोल्हापूरचेच. राजवाडा, रस्ता, बाग असले मोठमोठे पडदे, लांबून बघितलं तर आत चालत जावं असं वाटायला पाहिजे, म्हणजे सपाट कापडावर खोली दाखवायची. जवळ जाऊन बघितलं तर नुसते रंगाचे फराटे. केशवरावांच्या कंपनीसाठी पण त्यांनी पडदे केले. हाच हात पुढं सिनेमाकडं वळला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' सिनेमा. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या लोकांनी १९२९ ला कोल्हापुरातच 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली आणि १९३२ ला त्यांचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. बोलपट आले आणि संगीत नाटकाच्या कंपन्या एकेक करून बसल्या. म्हणजे ज्यांनी नाटकाचे पडदे रंगवले त्यांच्याच घराण्यातून नाटकाला मारणारी गोष्ट आली, मला हे फार गमतीशीर वाटतं. पोराला सांगा हे लिहायला, बाकी कुणाच्या प्रोजेक्टमध्ये नसणार.

नाटकखुळी:
बापरे केवढं मिळालं, सगळ्यांचे आभार 🙏 पडद्याचं त्याला भयंकर आवडलंय, चित्रकलेत बरा आहे तो. थेटरला लागलेल्या आगीचं किती लिहू? त्याला तेच जास्त लिहायचंय.

तिसरी_घंटा:
एक पान पुरे. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलं, स्टेज आणि खुर्च्या गेल्या, जीवितहानी नाही, दर्शनी दगडी भाग उभा राहिला. सरकारनं पुनर्बांधणीसाठी २० कोटी जाहीर केले. एवढं पुरतं, बाकी रडारड नको.

रंकाळ्याचा_वारा:
रडारड कशी नको, आमचं निम्मं कॉलेज तिथं गेलंय, एकांकिका स्पर्धांना रात्री दोन-दोन वाजेस्तोवर विंगेत उभं राहून सेट लावलेत. जुनं होतं तसंच उभं करायला पाहिजे, नवा चकचकीत हॉल नको.

रंगाचा_डबा:
'तसंच' म्हणजे कुठलं तसंच? १९१५ चं का आग लागायच्या आदल्या दिवशीचं? मधल्या शंभर वर्षात दुरुस्त्या झाल्यात, लाईट आले, माईक आले. शिवाय लाकूड तेवढंच वापरलं तर आग परत आहेच. माझं म्हणणं, बाहेरचा दगड जुना ठेवा, आतली मांडणी जुनी ठेवा, पण वायरिंग आणि आग विझवायची सोय आजची पाहिजे, तिथं जुन्याचा हट्ट नको. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथं ताईंच्या पोराचा प्रोजेक्ट चाललाय.

तिसरी_घंटा:
काढतो. आणि ताई, मॉडेल करणार असाल तर थिएटर एकटं करू नका, पुठ्ठ्याचा एकच मोठा तुकडा घ्या आणि शेजारी खासबाग पण करा, उतार कागदाच्या लगद्यानं छान होतो.