व्हॅसोप्लेजिया: मराठीत ‘वाहिनीघात’ की ‘वाहिनीशैथिल्य’?

शब्दवेध
हृदय जोमात चाललेलं असतं, तरी रक्तवाहिन्यांचा ताण उतरल्यामुळे रक्तदाब टिकत नाही, ही अवस्था म्हणजे व्हॅसोप्लेजिया. ‘रक्तवाहिन्यांचा पक्षाघात’ हे भाषांतर चटकन सुचतं, पण ते चूक आहे. पक्ष म्हणजे बाजू, म्हणून पक्षाघात हा अर्ध्या अंगाचा. वाहिन्यांना कुठली बाजू? मूळ शब्द संकरित आहे: लॅटिन ‘व्हास’ म्हणजे भांडं आणि ग्रीक ‘प्लेगे’ म्हणजे तडाखा. (दोन्ही भाग ग्रीक घेतले असते तर ‘अँजिओप्लेजिया’ झालं असतं.) प्लेगेला आपला ‘घात’ नेमका बसतो. म्हणून ‘वाहिनीघात’ म्हणावं.

धमनी
ठाम विरोध. हृदयाघात म्हटलं की गुठळी आठवते, मेंदूचा आघात म्हटलं की गुठळी किंवा फुटलेली नस. ‘वाहिनीघात’ वाचणारा तेच समजणार. इथे वाहिन्या शाबूत आहेत, फक्त सैलावल्यात. आणि थोडंसं सैलावणंही पुरतं: रक्तप्रवाहाला वाहिन्यांचा होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या (गणितातला घात) व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्रिज्या 10 टक्के वाढली तर रोध सुमारे 32 टक्के घटतो. हे चित्र ‘वाहिनीशैथिल्य’ या शब्दात सरळ दिसतं.

शब्दवेध
पण मुख्य खूणच त्यात हरवते: औषधाला दाद न देणं. मणक्यातून भूल दिल्यावरही वाहिन्या सैलावतात, कारण त्यांना आवळून ठेवणारे सिंपथेटिक मज्जातंतूंचे संदेश तुटतात. स्नायूपेशी मात्र धडधाकट असते. फेनिलेफ्रिन या वाहिन्या आवळणाऱ्या औषधाचे 50 ते 100 मायक्रोग्रॅम शिरेतून दिले की दाब बहुधा मिनिटभरात वर येतो. व्हॅसोप्लेजियात बिघाड खुद्द पेशीत असतो. वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा पूर येतो, पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाहिका उघड्या राहतात, मग कॅल्शियम आत शिरत नाही आणि पेशी आकुंचन पावत नाही. शरीरातला व्हॅसोप्रेसिन हा वाहिन्या आवळणारा संप्रेरकही सरत आलेला असतो. म्हणून वाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रेनालिन वाढवत नेलं तरी दाब हलत नाही. या दोन्ही अवस्थांना ‘शैथिल्य’ म्हटलं तर उपचाराचा धागाच तुटतो.

अतिदक्षता
शब्द कुठलाही घ्या, आधी आकडे तपासा. सरासरी धमनीदाबातून मध्यवर्ती शिरादाब वजा करायचा, उत्तराला मिनिटाला हृदयातून बाहेर पडणाऱ्या लिटरांनी भागायचं आणि 80 ने गुणायचं, की रोध मिळतो. दाब 55, शिरादाब 10, प्रवाह 6 लिटर असेल तर रोध 600. हृदयशस्त्रक्रियेनंतर सहसा 800 पेक्षा कमी रोध आणि सोबत 2.2 च्या वर हृदयनिर्देशांक (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाचा प्रवाह, लिटरमध्ये) असेल तरच हे नाव देतात. प्रवाहच कमी असेल तर ही वेगळी व्याधी आहे, आणि तिथे केवळ वाहिन्या आवळणारं औषध हृदयावरचा भार वाढवतं.

मोजमापातही फसगत होते. ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा संवेदक, हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर वर राहिला तर दाब सुमारे 7 मिलिमीटरने कमी दिसतो. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरून रुग्णाला काढल्यावर मनगटातला दाब मांडीतल्या दाबापेक्षा बराच कमी येऊ शकतो. दोन्ही न पाहता औषध वाढवत गेलात तर बोटं काळी पडायची.

धमनी
आकडे मान्य. पण मग ‘घात’ आणखीच चुकतो! प्लेजिया म्हणजे पूर्ण लुळेपणा, अंशतः असेल तर पॅरेसिस. रोध 600 आहे म्हणजे ताण उरलाय. खरं तर ‘टोन’ला भाषांतर शोधायलाच नको: ग्रीक ‘टोनोस’ आणि संस्कृत ‘तन्’ एकाच मुळाचे, त्याच ‘तन्’मधून आपला ‘ताण’ आला. ‘वाहिनीताण-क्षय’ म्हणू.

शब्दवेध
पॅरेसिसचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मान्य करतो. ‘क्षय’ मात्र नको, त्याने टीबी आठवतो. ‘अल्पताण’सुद्धा नको: जर्मनमध्ये ‘हायपोटोनी’ म्हणजे सरळ कमी रक्तदाब, तर बालरोगात हायपोटोनिया म्हणजे ढिले स्नायू. तो गोंधळ आपल्याकडे कशाला आणायचा?

अतिदक्षता
‘औषधरोधी वाहिनीशैथिल्य’ घ्या. लांब आहे, पण पुढची पायरी त्यातच कळते: नॉरअॅड्रेनालिनला जोड म्हणून व्हॅसोप्रेसिन मिनिटाला 0.03 युनिट, तरीही दाब न हलल्यास काही ठिकाणी नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम रोखणारं मिथिलीन ब्लू, किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम. नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी औषधं चालू असतील किंवा जीसिक्सपीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असेल तर मिथिलीन ब्लू टाळायचं. ते दिल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा काही वेळ खोटा उतरतो, त्यावर विसंबू नका.

शब्दवेध
‘औषधरोधी’ असेल तर माझी हरकत नाही. नुसतं ‘शैथिल्य’ मात्र मला अजूनही पटत नाही.