मदत हवी आहे: काचेवर आपटून नवरंग पक्षी मरतायत, काय लावू?

डोंगरकडा:
आज पहाटे आणखी एक नवरंग काचेवर आपटून मेला. मागच्या आठवड्यात तिबोटी खंड्या गेला. ससाण्याचा स्टिकर लावलाय, उपयोग शून्य. नक्की काय लावायचं तेवढं सांगा. पाण्याचं भांडं ठेवा वगैरे नको, पाऊस सुरू झालाय आणि हे रोजचं होईल.

पाणकोंबडी:
घर कुठे, कितवा मजला? समोर झाडं आहेत का? स्टिकर किती, आतून की बाहेरून? रात्री दिवे चालू असतात का?

डोंगरकडा:
पेणजवळ, दुसरा मजला, समोर रान. स्टिकर एकच, आतून. बाहेर पावसात टिकणार नाही ना. गॅलरीचा दिवा रात्रभर असतो, त्याचा काय संबंध?

काचवाला_दादा:
आतून लावलेलं दिवसा बाहेरून धड दिसतच नाही. साधी काच जेमतेम ८ टक्के उजेड परत फेकते, पण खोलीत त्याहून खूप कमी उजेड असतो. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काचेत आभाळ आणि समोरची झाडंच दिसतात. तुमचा ससाणा त्या झाडांच्या मागे लपतो. खुणा बाहेरच्या बाजूला हव्यात आणि पूर्ण काचेवर हव्यात. पाव इंचाचे ठिपके, दोन ठिपक्यांत ५ सेंमी अंतर. जास्त फट ठेवली की लहान पक्षी मधून जायला बघतो.

बापूकाका_अलिबाग:
एवढी रांगोळी कशाला? सन कंट्रोल फिल्म मारा. आमच्याकडे मारलीय, खोली चांगली थंड राहते.

काचवाला_दादा:
काका, नका सांगू असं. चकाकणाऱ्या फिल्मने काच आरसा होते, मग झाडं आणखी स्पष्ट दिसतात. खोली थंड होईल, पण पक्षी जास्त मरतील.

बापूकाका_अलिबाग:
आमच्याकडे एकही आपटला नाही.

पाणकोंबडी:
तुमच्यासमोर रान आहे का, काका?

मैना७:
आमच्या गाडीच्या आरशावर धोबी पक्षी सारखा चोची मारतो. आरशावर जुना मोजा चढवला, थांबला. तुम्हीही काचेवर कापड टाकून बघा.

पाणकोंबडी:
ताई, तो प्रश्न वेगळा. धोबी आपल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून भांडतो. नवरंगाला तिथे काच आहे हेच कळत नाही.

रानभूल:
अतिनील खुणांचे स्टिकर घ्या. पक्ष्यांना दिसतात, आपल्याला नाही. शोभा जात नाही.

काचवाला_दादा:
सगळ्या पक्ष्यांची नजर सारखी नसते. कबुतरं आणि शिकारी पक्ष्यांना अतिनील फार कमी दिसतं. पहाटे, ढगाळ हवेत मुळात तो प्रकाशच कमी, आणि तुमच्याकडे अपघात पहाटेच होतोय. माणसाला दिसणारे ठिपके जास्त भरवशाचे. शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस बघा. ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्रीत त्या एका इमारतीवर आदळून जवळजवळ १००० पक्षी मेले. पुढच्या वर्षी सगळ्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणारे पक्षी साधारण ९५ टक्क्यांनी घटले.

पाणकोंबडी:
दिव्याचा संबंध हा: नवरंग रात्री प्रवास करतो. पावसाच्या तोंडावर इकडे पोचतो तेव्हा थकलेला असतो, उजेडाकडे ओढला जातो आणि पहाटे रानाकडे निघताना काचेवर जातो. निदान पावसाळ्याचे पहिले काही आठवडे गॅलरीचा दिवा बंद ठेवा. हे आजच जमेल, पैसे लागत नाहीत.

मैना७:
पण आपटून जिवंत राहिला तर? आमच्या शेजारी तांबट पडला होता, मुलांनी चमच्याने पाणी पाजलं.

पाणकोंबडी:
पाणी अजिबात पाजू नका, श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तासा-दोन तासांनी ताठ बसला, हालचाल ठीक वाटली तर झाडीजवळ खोकं उघडा. पंख लोंबत असेल किंवा तोल जात असेल तर वन विभागाला १९२६ वर फोन करा. उडाला म्हणून निर्धास्त राहू नका. आतला मार बाहेरून दिसत नाही, बरेच नंतर मरतात.

डोंगरकडा:
दिवा आजपासून बंद. पण घर भाड्याचं आहे, आणि सोसायटी बाहेरून काही चिकटवू देत नाही.

रानभूल:
मग ससाणा बाहेरून लावा, एक स्टिकर चालेल त्यांना.

काचवाला_दादा:
एक नको, दहा लावले तरी मधल्या फटी मोकळ्याच. पक्षी ससाण्याला घाबरत नाही, तेवढी जागा चुकवून बाजूने जातो.

सह्यचर:
चिकटवूच नका. काचेबाहेर वरच्या बाजूला एक आडवी पट्टी, तिला उभ्या नायलॉन दोऱ्या लोंबत्या सोडा, दोन दोऱ्यांत १० सेंमी, उभ्या दोऱ्यांना एवढं अंतर चालतं. खाली बांधायची गरज नाही. घर सोडताना काढून न्या.

बापूकाका_अलिबाग:
वाऱ्याने गुंता होईल.

सह्यचर:
झालाच तर खालच्या टोकांना पण एक पट्टी बांधा. फक्त सुतळी घेऊ नका, कोकणच्या पावसात कुजते.

डोंगरकडा:
काच सहा फूट रुंद आहे. म्हणजे अठरा-एकोणीस दोऱ्या. काळी घेऊ की पांढरी? समोरचं रान गर्द हिरवं आहे.

काचवाला_दादा:
प्रतिबिंब गर्द असेल तर पांढरी उठून दिसेल. एक दोरी लावून पहाटे खाली उतरून बघा, मग बाकीच्या घ्या.